कोमट दुधाचा आकडा

भोये बाई मला आवडत नसत. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर बदली होऊन गेलेल्या माणसाबद्दल चार बरे शब्द लिहावेत म्हणून मी बसले आहे, असं कुणाला वाटेल. आमच्या शाळेत त्या सहा वर्षं होत्या. त्या सहा वर्षांत आम्ही दोघींनी एकमेकींना एक कप चहा सुखाने पिऊ दिला नाही, आणि आजही कुणी माझ्यासमोर त्यांचं कौतुक करायला लागलं की माझं डोकं फिरतं.

आमची शाळा गंगापूर रोडच्या एका आतल्या गल्लीत आहे. मराठी माध्यम, अनुदानित, सकाळी सव्वासातची. समोरच्या रस्त्याने इंग्रजी शाळांच्या पिवळ्या बस भरभरून जातात आणि आमच्याकडे कॉलन्यांमधली थोडी मुलं येतात, बाकीची आनंदवली आणि गंगापूर गावाकडची. मी विज्ञान शिकवते. भोये बाई येण्याआधी अकरा वर्षं शाळेचं विज्ञान प्रदर्शन म्हणजे मीच होते. थर्माकोल, चमकी, दिव्यांच्या माळा आणि माझ्या अक्षरातले तक्ते. दुसऱ्या शाळांतल्या बाई मुद्दाम माझे तक्ते बघायला यायच्या, मोबाइलवर फोटो काढून न्यायच्या.

त्यातही माझा गाजलेला प्रयोग म्हणजे घनतेचा जार. एका उंच काचेच्या जारमध्ये एकावर एक सात रंगांचे सात थर. तळाला मध, त्यावर भांडी घासायचं लिक्विड, मग दूध, मग निळं पाणी, मग तेल आणि आणखी वर दोन. जड द्रव खाली, हलका वर. दिसायला फार सुंदर. अडचण एवढीच की मधले थर तासाभरात एकमेकांत मिसळायला लागतात, आणि प्रमुख पाहुणे आजवर कधी वेळेवर आलेले नाहीत. म्हणून खालचे चार थर मी आदल्या दिवशी घरी जेली जमवायचा चायना ग्रास घालून घट्ट बसवत असे. वर खरं तेल ओतायचं. जार दोन दिवस जसाच्या तसा राहायचा. पाहुणे टाळ्या वाजवायचे, मुख्याध्यापक माझं नाव घ्यायचे. मुलांना काय, मुलांनाही आवडायचं.

भोये बाई आल्या त्याच आठवड्यात प्रयोगशाळेत आठवीचा वर्ग घेऊन शिरल्या. पेठच्या पुढच्या कुठल्याशा पाड्यावरून आलेली ही बाई. उंची बेताची, आवाज मात्र घाट चढणाऱ्या एसटीसारखा. साडीखाली कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर पंचा. शिक्षिका पंचा घेऊन वर्गात येते हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी कौतुकाने मुलांना जार दाखवत होते. त्यांनी न विचारता तो उचलला आणि तिरका केला. वरचं तेल आडवं राहिलं. खालचे चारही थर जारबरोबर कलले.

"काय दिसतं?" त्यांनी मुलांना विचारलं.

"बाई, खालचं हलत नाही."

"पाणी असं करतं का?"

"नाही बाई. जेली आहे ती!"

पोरं खो खो हसली. भोये बाई हसल्या नाहीत. जार जागेवर ठेवून मला म्हणाल्या, "मॅडम, हे कार्यालयातल्या शोकेसमध्ये ठेवा. घनतेच्या तासाला नको." आणि पंच्याने हात पुसून शिकवायला लागल्या. मी बाथरूममध्ये जाऊन रडले. त्यांचं म्हणणं बरोबर होतं की चूक, हा प्रश्न मला त्या दिवशी पडला नाही, पुढेही बरीच वर्षं पडला नाही. चाळीस पोरांसमोर या बाईने माझा पाणउतारा केला, एवढंच मी धरून बसले.

त्यांची शिकवण्याची रीत अशी की बघणाऱ्याला चीड यावी. स्वतः काही करून दाखवायच्या नाहीत. दोन मुलांत एक पेला, हातात मीठ, तेल, रॉकेल, आणि सुरू. सांडलं तर ज्याने सांडलं त्याने पुसायचं. कोल्ड्रिंकच्या जाड नळ्या आणायला लावायच्या, तळ मेणाने बंद करायचा, आत सायकलचे छर्रे टाकायचे. ती नळी साध्या पाण्यात किती बुडते, तिथे पेनाने खूण. मिठाच्या पाण्यात किती, तिथे दुसरी खूण. तेलात किती, तिसरी. द्रव जड असला की नळी वर राहते, हलका असला की खोल जाते, एवढं एक वाक्य त्या सांगत नसत. पोरांच्या तोंडून ते यायला दोन-दोन तास लागायचे. तोवर माझे तीन धडे संपलेले असायचे.

एखादा मुलगा म्हणाला, "बाई, मला वाटतं की..." तर त्याला तिथेच तोडायच्या. "तुला काय वाटतं ते विचारलं नाही. काय दिसतं ते सांग." हे वाक्य पोरं ग्राउंडवर एकमेकांना म्हणायची, घरी आईला म्हणायची, आणि त्यावरून तक्रारी यायच्या. "शाब्बास" हा शब्द त्यांच्या तोंडून मी ऐकला नाही. उत्तर चुकलं तर "परत कर". उत्तर बरोबर आलं तरी "परत कर". मुलांचे गणवेश तेलाने माखायचे, रॉकेलचा वास यायचा. तरीही त्यांच्या तासाची घंटा झाली की तीच पोरं प्रयोगशाळेकडे धावत सुटायची. माझ्या तासाला कुणी धावत आलेलं मला आठवत नाही, आणि हे मला फार लागायचं.

स्टाफरूममध्ये त्या कमी बसत. बसल्या तर चहात साखर घालून ढवळायच्या नाहीत. शेवटचे दोन घोट गोड लागतात तेवढे पुरतात, म्हणायच्या. कुणाच्या वाढदिवसाला केक आला तर पाच मिनिटं उभ्या राहायच्या आणि निघून जायच्या. फोनवर आईशी त्यांच्या बोलीत बोलायच्या, तेव्हा मात्र मोठ्याने हसायच्या. मला त्यातला शब्द कळत नसे. माझ्याबद्दलच बोलत असतील असं मी पक्कं ठरवून टाकलं होतं. म्हाताऱ्या आईला माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांच्याकडे काय असणार होतं, हा विचार मी केला नाही.

एका जूनमध्ये त्यांनी गावाहून पोतंभर भात आणला. भात म्हणजे शिजवलेला नव्हे, साळीचं बियाणं. कॉलनीतल्या पोरांनी तांदळाला टरफल असतं हेच पहिल्यांदा बघितलं. बादलीत पाणी, पाण्यात मीठ, आणि त्यात एक अंडं. "आमच्याकडे पेरायच्या आधी बी मिठाच्या पाण्यात टाकतात," त्या म्हणाल्या. "पाणी पुरेसं खारट झालं की नाही ते अंडं सांगतं." पोरं मूठमूठ मीठ घालत राहिली, ढवळत राहिली, आणि तळाला बसलेलं अंडं हळूहळू उठून रुपयाएवढं डोकं बाहेर काढून तरंगायला लागलं तेव्हा वर्गात असा आरडाओरडा झाला की मुख्याध्यापक धावत आले. मग त्या पाण्यात भात ओतला. पोचट दाणे वर आले, भरलेले तळाला बसले. वरचे वेगळ्या ट्रेमध्ये पेरले, खालचे धुऊन वेगळ्या. पंधरा दिवसांनी एका ट्रेमध्ये दाट हिरवं आणि दुसऱ्यात तीन काड्या.

शाळेत अंडं आणलं ही बातमी संस्थेच्या एका पदाधिकाऱ्यांपर्यंत गेली. ती मी पोचवली. आता लपवून काय करायचंय. भोये बाईंना मेमो मिळाला, शाळेच्या आवारात असा पदार्थ का आणला याचा खुलासा करा म्हणून. त्यांनी उत्तर दिलं: "अंडे प्रयोगासाठी आणले होते. प्रयोग झाला. अंडे ताजे होते." हा कागद स्टाफरूममध्ये सगळ्यांनी वाचला आणि सगळे हसले. मला हसू आलं नाही.

आता दुधाचं सांगते.

पाचव्या वर्षी, जानेवारीत, त्यांनी आठवीच्या मुलांना घरचं दूध आणायला सांगितलं. प्रत्येकाने पेलाभर. मुलांच्या नळ्या होत्याच, शिवाय त्या दिवशी शाळेचा काचेचा लॅक्टोमीटर बाहेर काढला. दुधात सोडायचा आणि काडीवरचा आकडा वाचायचा. दुधात पाणी असेल तर तो जास्त बुडतो आणि आकडा कमी येतो. फळ्यावर मुलांची नावं आणि पुढे आकडे. थंडी कडाक्याची होती. बहुतेकांचं पिशवीचं दूध, फ्रीजमधून थेट आणलेलं. आकडे चांगले येत होते.

वर्गात साक्षी नावाची मुलगी होती. तिचे वडील निवृत्तीभाऊ, गंगापूर गावाकडे त्यांचा म्हशींचा गोठा. आमच्या शाळेच्या आसपासच्या कॉलन्यांमध्ये त्यांच्याच दुधाचा रतीब. साक्षीने किटलीभर दूध आणलं होतं, त्याच सकाळी काढलेलं, सांडू नये म्हणून आईने किटली लोकरी मफलरमध्ये गुंडाळून दिलेली. मुलगी अभिमानाने पुढे आली. लॅक्टोमीटर सोडला आणि तो बुडत गेला, बुडत गेला. भोये बाईंनी "परत कर" म्हटलं. परत केलं. तोच आकडा. त्यांनी तो तिच्या नावापुढे लिहिला. वर्गातला सगळ्यात कमी आकडा.

मागून एक पोरगा म्हणाला, "पाणी!" आणि झालं. भोये बाईंनी त्याला उभं केलं, "काय दिसतं ते सांग, बाकी नको," म्हणून दटावलं. पण आकडा पुसला नाही. त्या दिवशी पोरांनी घरी जाऊन सांगितलं. एका आईने कॉलनीच्या ग्रुपवर टाकलं की शाळेत मशीनवर टेस्ट झाली, गवळ्याच्या दुधात पाणी निघालं. दोन-तीन दिवसांत चांगली आठ-नऊ घरं रतीब बंद करून बसली, आणि साक्षी शाळेत यायची थांबली.

पाचव्या दिवशी निवृत्तीभाऊ आले. मी प्रयोगशाळेच्या दुसऱ्या टोकाला वह्या तपासत बसले होते. त्यांनी टोपी हातात घेतली होती. भांडायला आलेला माणूस टोपी हातात घेत नाही.

"बाई, तुम्ही लय शिकलेल्या. मी काय वाद घालायला आलो नाय. घरं गेली, जाऊ द्या, दुसरी लागतील. पण पोरगी शाळेत यायला तयार नाय."

"तिला पाठवा. तिचं काही चुकलं नाही," भोये बाई म्हणाल्या.

"पाठवा म्हनता. काल रात्री जेवताना मला म्हनली, आबा, तुम्ही खरं सांगा, घालता का पाणी? मी म्हनलं, नाय गं. तर गप बसली. तिला पटलं नाय, बाई. माझी पोर माझ्या तोंडाकडं बघती अन तिला पटत नाय."

भोये बाईंनी हातातला पेला पुसून ठेवला. मग म्हणाल्या, "मी तुम्हाला खोटं म्हटलं नाही. मला जे दिसलं ते फळ्यावर लिहिलं. आकडा तसा आला."

"आकडा बोलत नाय बाई. माणसं बोलतेत," निवृत्तीभाऊ म्हणाले आणि निघून गेले.

मला माहीत होतं. इथे थांबून हे नीट सांगायला हवं. माझं माहेर निफाडकडचं, आमच्या दारात चार म्हशी होत्या. शाळेत जायच्या आधी दूध डेअरीवर घालायचं काम माझं. मी घाईत असायचे आणि डेअरीवरचा माणूस किटलीला हात लावून म्हणायचा, "थांब पोरी, धार कोमट हाय. निवू दे." कोमट दूध पातळ असतं, आणि ताज्या धारेत फेस आणि हवा असते. काटा, म्हणजे हाच लॅक्टोमीटर, त्यात जास्त बुडतो. दूध चोख असलं तरी आकडा कमीच येतो. आमच्या गावात हे शाळेत न गेलेल्या बायकांनाही माहीत होतं. साक्षीचं दूध मफलरात गुंडाळून आलं हे ऐकलं त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं होतं की बाईंनी काय घोळ घातलाय. पुस्तकात तापमानाची ओळ असते, पण त्यांनी त्या दिवशी सगळ्यांचं दूध सारखंच धरलं. दुसऱ्यांना "परत कर, परत कर" म्हणणारी बाई तीच चूक दोनदा करून मोकळी झाली होती.

मी एक शब्द बोलले नाही. वह्या गोळा केल्या आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. मला त्या चुकलेल्या हव्या होत्या. पाच वर्षं वाट बघितली होती. त्या मुलीचं तोंड माझ्या डोळ्यांसमोर येत नव्हतं असं नाही. येत होतं, आणि तरीही मी थांबले.

एवढंच असतं तर निदान गप्प राहिले असं म्हणता आलं असतं. पण त्याच संध्याकाळी आमच्या सोसायटीतल्या एक काकू जिन्यात भेटल्या. "मॅडम, तुम्ही तर शाळेतच आहात. खरंच पाणी होतं का हो?" मी म्हणाले, "लॅक्टोमीटरवर तसं आलं खरं." या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता. ते मी फार विचार करून बोलले होते. दुसऱ्या दिवसापासून काकूंच्या दारात पिशवीचं दूध दिसायला लागलं.

पुढचं मला साक्षीच्या आईने सांगितलं. निवृत्तीभाऊ येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे भोये बाई स्कूटीवरून गोठ्यावर हजर. हातात लॅक्टोमीटर, उंच पेला आणि वही. "आधी वाटलं, आता घरी येऊन तपासनी करती का काय बाई," साक्षीची आई म्हणाली. भोये बाईंनी कुणाला काही समजावलं नाही. समोर धार काढायला लावली, दूध पेल्यात ओतलं, काटा सोडला, आकडा लिहिला. आणि तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. पाव तासाने परत वाचला. परत पाव तासाने. शाळेची वेळ झाली तर शाळेत फोन करून रजा टाकली. साक्षी आधी दाराआड उभी होती. मग भोये बाई म्हणाल्या, "माझा चष्मा धुरकटतोय. तू वाच." मुलगी आली आणि वाचायला लागली. दूध जसजसं निवत गेलं तसतसा काटा वर येत गेला. शेवटी तो सगळ्या वर्गाच्या आकड्याला येऊन टेकला, वर थोडा पुढेही.

मग त्यांनी साक्षीच्याच हाताने दुसऱ्या पेल्यात दूध आणि कपभर पाणी घालायला लावलं, आणि तेही निववलं. पाणी घातलेल्या दुधात काटा शेवटपर्यंत खालीच राहिला. साक्षीने दोन्ही आकडे दोनदा वाचले.

"आता वडलांना विचारायचं आहे का काही?" भोये बाईंनी विचारलं.

मुलीने नाही म्हणून मान हलवली, आणि रडायला लागली. तिच्या आईला वाटलं बाई आता जवळ घेतील. त्यांनी वही पुढे केली. "खाली सही कर. आकडे तू वाचलेस."

मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं, विषय वाढवू नका, चार दिवसांत लोक विसरतील. भोये बाईंनी ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी सात वाजता त्यांनी दोन बाक ओढत फाटकापाशी आणले, त्यावर निवृत्तीभाऊंची किटली आणि पेला. मुलांना सोडायला आलेल्या आयांना स्कूटरवरून उतरवून उभं केलं. "वाचा. मोठ्याने वाचा." आयांनी वाचलं, कमी आकडा. काहीजणी एकमेकींकडे बघून हसल्याही. भोये बाई म्हणाल्या, "शाळा सुटताना याच पेल्यात परत वाचायचं आहे. घ्यायला याल तेव्हा थांबा." साडेबाराला त्याच आया, तोच पेला, आणि काटा वर. तेव्हा ही बाई पंचा खांद्यावर टाकून सगळ्यांसमोर म्हणाली, "मी गरम दूध आणि गार दूध एकाच मापाने मोजलं. चूक माझी आहे. दुधाची नाही, त्या माणसाची नाही. ज्या ग्रुपवर ते टाकलंत, त्याच ग्रुपवर हे टाका."

मी व्हरांड्यातून बघत होते. त्यांचा आवाज जराही हलला नाही. पाच वर्षं ज्या क्षणाची मी वाट बघितली तो माझ्यासमोर घडत होता, आणि मला त्यात काडीचा आनंद होत नव्हता. त्यांनी चूकही अशी मान्य केली की बाकी सगळे लहान दिसावेत, असंच मला तेव्हा वाटलं.

साक्षी तिसऱ्या दिवशी आली. बरीचशी घरं परत लागली, दोन-तीन लागली नाहीत. आमच्या काकूंनी पिशवीच चालू ठेवली. मी त्यांना काही सांगायला गेले नाही.

त्या आठवड्यात एकदा स्टाफरूममध्ये आम्ही दोघीच होतो. भोये बाई न ढवळलेला चहा पीत होत्या. मध्येच म्हणाल्या, "आहेर मॅडम, तुमच्या माहेरी म्हशी होत्या ना?"

मी म्हणाले, "हो."

"डेअरीवर दूध घालायचात?"

"हो."

"कोमट असलं तर थांबवायचे?"

मी पुन्हा हो म्हणाले. खोटं बोलणं सुचलंच नाही.

"मग मला का नाही सांगितलंत?"

मी सगळा राग गोळा करून म्हणाले, "तुम्ही कुठे विचारलंत?"

मला वाटलं आता भांडण होईल. व्हायला हवं होतं. त्यांनी मला चार शब्द सुनावले असते, नालायक म्हटलं असतं, तर मीही तो जार काढला असता आणि आमचा हिशेब तिथे मिटला असता. भोये बाईंनी कप खाली ठेवला. "बरोबर," त्या म्हणाल्या. "विचारायला हवं होतं." आणि तास होता म्हणून उठून गेल्या. मी त्या दिवसाइतका त्यांचा तिरस्कार कधी केला नाही.

शाळेच्या दारात उभं राहून शाळेची चूक जाहीर केली म्हणून संस्था नाराज होतीच. वर्षभर कुरबुर चालली आणि पुढच्या मे महिन्यात संस्थेच्या मनमाडच्या शाखेत त्यांची बदली झाली. निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. आदल्या दिवशी पेले घासून, उलटे करून ठेवून गेल्या होत्या.

गेल्या वर्षी संस्थेने मला मनमाडच्या शाखेत पाठवलं, प्रात्यक्षिकांची पाहणी करायला. मी मुद्दाम उशिरा पोचले, त्यांचा तास संपला असेल अशा बेताने. संपला नव्हता. शाळा रेल्वेलाइनजवळ आहे, इंजिनाच्या भोंग्यांनी बोलणं थांबवावं लागतं. प्रयोगशाळेचं दार उघडं होतं. तोच पंचा, तेच बूट, केस मात्र पांढरे झालेले. बाकांवर दुधाचे पेले होते. फळ्यावर दोन रकाने, गरम आणि गार, आणि वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं: भोये बाईंची चूक. पोरांना त्या सगळं सांगत होत्या. किटली, मफलर, फळ्यावरचा आकडा, जेवताना वडलांना विचारणारी मुलगी. साक्षीचं नाव घेतलं नाही. स्वतःचं घेतलं. माझं कुठेच नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण फार वाईट वाटलं.

मी मागे सरकणार तेवढ्यात त्यांनी मला बघितलं. हसल्या नाहीत, नमस्कारही केला नाही. वर्गाकडे वळून म्हणाल्या, "या आहेर मॅडम. यांच्या घरी म्हशी होत्या. मला जे माहीत नव्हतं ते यांना लहानपणापासून माहीत आहे. यांना विचारा." आणि मला, "आत या."

मी आत गेले. पहिल्या बाकावरच्या मुलाने विचारलं, दूध निवायला किती वेळ लागतो. मी सांगितलं, थंडीत कमी, उन्हाळ्यात जास्त. दुसऱ्याने विचारलं, डेअरीवाल्याला हात लावून कसं कळायचं. तेही सांगितलं. मला सांगताना बरं वाटायला लागलं होतं.

मग मागून एक दोन वेण्यांची मुलगी उठली. "मॅडम, तुम्ही तेव्हा त्याच शाळेत होता?"

"हो."

"मग तुम्हाला कळलं नाही, दूध कोमट होतं म्हणून?"

बाहेर एक मालगाडी जात होती. तिचे डबे संपेपर्यंत बोलता येण्यासारखं नव्हतं. मी भोये बाईंकडे बघितलं. त्या हातातला खडू घेऊन उभ्या होत्या, मुलांकडे तोंड करून, माझ्याकडे नाही. मला सोडवायला त्या येणार नव्हत्या. गाडी गेली.

"कळलं होतं," मी म्हणाले. "मी सांगितलं नाही."

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. ती मुलगी अजून उभीच होती.

"का?" तिने विचारलं.

भोये बाईंनी टेबलामागची खुर्ची ओढून माझ्यापुढे ठेवली. "बसून सांगा," त्या म्हणाल्या.